गाळातले झाकलेले शिंपले

आम्ही शिंपले खायचो. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे ज्याला नाक मुरडायचं आहे त्यानं इथंच मुरडून घ्यावं आणि पुस्तक मिटावं. वैनगंगेतले शिंपले, आंबाडीच्या आंबट पाल्यात शिजवलेले, वर लाल तिखट, आणि ताटात कण्यांचा गरम भात. आता म्हणे मोठ्या शहरांत हॉटेलवाले समुद्राचे शिंपले थाळीत मांडून देतात आणि लोक आधी त्यांचा फोटो काढतात, मग खातात. आमच्या वेळी शाळेत कोणी जवळ येऊन बसलं, की मी डब्याचं झाकण अर्धंच उघडायची आणि हात आत घालून घास काढायची. त्या अर्ध्या झाकणाची मला आज जेवढी लाज वाटते, तेवढी त्या शिंपल्यांची कधीच वाटायला नको होती.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून जीपनं अर्ध्या तासावर, नदीच्या काठाला. गावाच्या नदीकडच्या टोकाला आमचा बौद्ध मोहल्ला, आणि मोहल्ल्याच्या शेवटी आमचं दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांत कोंडा बसलेला असायचा, आणि आई त्यांना आधी अंगणात उभं करून पदरानं झटकायची, मगच आत घ्यायची. आई धानाच्या रोवण्याला, कापणीला दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे शेतात जायची. हिवाळा सरून नदीचं पाणी उतरलं, की मोहल्ल्यातल्या चार-पाच बायांबरोबर घमेलं घेऊन ती शिंपल्यांना निघायची. शिंपले डोळ्यांनी शोधायचे नसतात, पायांनी शोधायचे असतात. कमरेएवढ्या पाण्यात बाया एका ओळीत उभ्या राहायच्या, लुगडी खोचलेली, आणि टाचेनं तळ चाचपत हळूहळू सरकायच्या. तोंडं मात्र चालूच. कोणाची सून कशी, कोणाच्या म्हशीनं कोणाचं काय खाल्लं. मध्येच एकीचा पाय थांबायचा, ती बोलता बोलता पाण्यात बुडी मारायची, वर यायची, शिंपला घमेल्यात टाकायची आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं धरायची.

माझ्या लहानपणाचा आवाज विचाराल तर तो घमेलं अंगणात ओतल्याचा. खळ्ळकन. मग आई पाट घेऊन बसायची आणि निवडायला लागायची. दोन शिंपले हातात घेऊन कानाजवळ एकमेकांवर आपटायची. जिवंत असला तर आवाज दबका, भरलेला. रिकामा असला तर खणखणीत. जिवंत हंडीत जायचे, रिकामे एका बाजूला चुनाभट्टीवाल्यासाठी. पण तिसरा एक प्रकार होता आणि आईची सगळी हुशारी त्याच्यासाठी होती. त्याला आम्ही चिखल्या म्हणायचो. आतला जीव केव्हाच मरून सडून गेलेला, पण दोन्ही शिंपा घट्ट मिटलेल्या आणि आत गाळ भरलेला. दिसायला जिवंताहून जिवंत. वजन तेवढंच, आवाजही जवळपास तसाच. तो एक जरी हंडीत गेला, तरी उकळी येताच फुटतो आणि सगळं कालवण नदीच्या गाळाचं होतं. मी दहा वर्षांची असताना निवडायला बसले आणि एक चिखल्या माझ्या हातून हंडीत गेला. आईनं अख्खी हंडी उकिरड्यावर नेऊन ओतली. बाबांनी त्या दिवशी मीठ-भात खाल्ला आणि वर मलाच म्हणाले, "चांगला हाये वो भात. शिंपल्यानं बिघडला असता." तेव्हापासून शंका आलेला शिंपला आई बाभळीच्या काट्यानं फटीतून उचकून पाहायची, आणि मलाही पाहायला लावायची.

हे सगळं मी विसरले. विसरले म्हणजे, विसरायचं ठरवलं. बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, मोहल्ल्यातली मुलींमधली पहिली. मग प्राणिशास्त्रात एम.एस्सी.ला जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, दोघींत एक खोली घेऊन राहिले. तिथं मी कोणाला नदीचं नाव सांगितलं नाही. मराठी बोलताना 'मले' तोंडात आलं की गिळायची आणि 'मला' म्हणायची. आज मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आता कॉलेजात जाणारी माझी भाचीसुद्धा तसंच गिळते, आणि मला ते तिच्या गळ्यात दिसतं.

आमच्या मार्गदर्शक सरांनी त्या वर्षी समुद्र आणला होता. खरंच आणला होता, प्लास्टिकच्या बरण्यांत. अरबी समुद्रातल्या एका प्रवाळबेटावर ते उन्हाळ्यात एका संशोधन-मोहिमेबरोबर गेले होते आणि बेटाभोवतीच्या तळाची माती घेऊन आले होते. सर आळशी माणूस नव्हते, हे कबूल करायला हवं. बोटीत तीन दिवस उलट्या करत त्यांनी त्या बरण्या सांभाळल्या होत्या, आणि पुढं रेल्वेत स्वतःच्या बर्थवर बरण्या ठेवून आपण खाली बसून आले होते. चार जागची माती होती. प्रवाळाच्या तुटक्या तुकड्यांची, पांढऱ्या जाड रेतीची, समुद्री गवत उगवतं तिथली, आणि बेटाच्या आतल्या शांत खोल पाण्यातला गाळ. प्रत्येकीच्या तीन-तीन बरण्या, दोन मोजायच्या आणि तिसरी बंदच साठ्यात ठेवायची. त्या मातीत राहणारे शिंपले आणि गोगलगाई निवडायच्या, कोणत्या तळावर कोणती जात किती नांदते ते मोजायचं, आणि चारही वस्त्यांची तुलना करायची, हा माझा प्रबंध. मी समुद्र पाहिलेला नव्हता. मी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पुरातली वैनगंगा.

काम असं. बरणीतली माती चाळणीवर धुवायची, उरलेलं काचेच्या बशीत घ्यायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्यानं एकेक जीव बाजूला काढायचा. मुगाच्या दाण्याएवढे शिंपले, काही तर मोहरीएवढे, क्वचित एखादा बोटाच्या नखाएवढा. फॉर्मालिननं डोळे चुरचुरायचे, हाताचा वास भाताच्या घासाला लागायचा. बोटीवरच त्या मातीत एक रंग मिसळलेला होता. त्यानं मांस गुलाबी होतं, म्हणजे नमुना घेतला तेव्हा कोण जिवंत होतं ते कळतं. उघड्या, रिकाम्या शिंपा सोडून द्यायच्या. मिटलेला शिंपला आणि फटीत गुलाबी झाक, म्हणजे जिवंत धरायचा. हा नियम सरांनी घालून दिला आणि मी पाळला. चार महिने पाळला. पाठ धरायची, पण मला ते काम आवडायचं. कसे कसे शिंपले होते! एखादा पंख्यासारखा, एखाद्यावर कंगव्यासारख्या रेघा, एखादा इतका पातळ की पलीकडचा उजेड दिसावा.

मोजणी संपली तेव्हा गाळ जिंकला होता. प्रवाळाच्या तुकड्यांत नाही, गवतात नाही, सगळ्यांत जास्त जिवंत शिंपले गाळात. सर आनंदले. सगळे म्हणतात गाळ म्हणजे ओसाड, आणि आपण दाखवतोय की तोच सगळ्यांत भरलेला! त्यांनी एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवून दिला. मला म्हणाले, "विशाखा, मार्चमध्ये पुन्हा बेटावर जायचंय. विभागातून दोन विद्यार्थी नेता येतील. एक जागा तुझी." मी खोलीवर येऊन भिंतीकडं तोंड करून हसत बसले होते.

त्या आनंदात सुट्टीला घरी गेले आणि जाताना मोजून झालेल्या गाळातल्या शिंपल्यांची एक लहान बाटली पिशवीत घातली. विचारून नाही घेतली. हेही लिहून टाकते. आईला दाखवायचं होतं, पाहा, तुझी लेक काय करते. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं सूप ठेवलं, हात पुसले, आणि मी तिच्या तळहातावर बाटली रिकामी केली.

"हे समुद्रातले हायेत, आई. जिवंत होते पकडले तेव्हा."

आईनं हात उन्हात धरला. बोटानं एकेक सरकवला. मग एक नखाएवढा उचलला आणि दातावर हळूच टक करून पाहिला. मी ओरडले, "अवो, औषध लावलेलं हाये त्याले!" ती थुंकली, पण शिंपला सोडला नाही.

"कोणच्या पाण्यातला?"

"शांत पाण्यातला. गाळातला."

"डोहातला म्हण नं मंग." कुंपणाची बाभळ हाताशीच होती. तिनं काटा मोडला, फटीत घातला, फिरवला. शिंपला उघडला. आत करडा गाळ, चिमूटभर, मांसासारखाच तोही त्या रंगानं वरून गुलाबी झालेला. "हा तं चिखल्या होय."

मी दुसरा दिला. चिखल्या. तिसरा. चिखल्या. चौथ्यात गुलाबी मांसाचा थेंब निघाला तेव्हा आईच म्हणाली, "हा जिता होता बिचारा." अकरा उघडले तोवर बाबाही येऊन उभे राहिले होते, कोंडा न झटकताच.

"रेतीतला मेला का पाणी त्याले उघडते, घासते, दोन शिंपा दोन गावाले जाते," आई म्हणाली. "डोहात कोण हलवणार त्याले? मेला तसाच झाकून राह्यते, आन् गाळ भरते. तुले मालूम नाई का हे? डोहातले झाकले शिंपले आपण कधी तसेच हंडीत टाकले का?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग तुह्या सराच्या हंडीत काऊन टाकले?"

या प्रश्नाचं उत्तर मला आज येतं. मला वाटलं होतं, सूक्ष्मदर्शक असलेल्या खोलीत बाभळीच्या काट्याचं काय काम. चूक सरांची होती तेवढीच माझीही होती, किंबहुना माझी जास्त. सरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

सुट्टी अर्धी टाकून मी परतले आणि गाळाच्या मोजलेल्या दोन्ही बरण्यांतले मिटलेले शिंपले सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं उघडायला बसले. मग बाकीच्या तीन तळांचेही उघडले, नाहीतर न्याय झाला नसता. रेतीत आणि प्रवाळाच्या तुकड्यांत मिटलेले होते ते बहुतेक खरेच जिवंत. गवतात थोडे चिखल्या. गाळात मात्र मिटलेल्यांपैकी बहुतेक सगळे मेलेले. मी ज्याला भरलेली वस्ती म्हणून लिहिलं होतं, ते मसण होतं, आणि पहिला नंबर गवताचा होता.

सरांनी माझे नवे कागद वाचले, परत वाचले. बाटली त्यांच्यासमोर ठेवून मी सांगितलं की ही मीच न विचारता नेली होती. ते त्यावर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे उघडून बघायचं तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. आमच्याकडं नदीचे शिंपले असे तपासतात."

"तपासतात? कशासाठी?" मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते हसले. "अच्छा. तुम्ही लोक खाता ते."

तोवरचं माझं सगळं आयुष्य त्या हसण्याला चुकवण्यात गेलं होतं. ते समोर आलं तेव्हा वाटलं तेवढं मोठं नव्हतं.

"हो सर, खातो," मी म्हटलं. "म्हणूनच उघडून पाहतो."

हसणं थांबलं. सर समजावायला लागले. सारांश गेलेला आहे. नियम आधी ठरला होता, मध्येच बदलता येत नाही. गुलाबी झाक म्हणजे जिवंत, असं जगात सगळे धरतात. इतका काळ बरणीत राहिल्यावर मांस विरघळून गेलं असेल. "मग आत गाळ कसा शिरला, सर? आणि रेतीतल्या शिंपल्यांचं मांस काऊन नाही विरघळलं?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'का'च्या जागी 'काऊन' गेलं आणि मी ते गिळलं नाही. शेवटी ते म्हणाले, "स्वयंपाकघर प्रयोगशाळेत आणू नकोस. पहिला तक्ता ठेव, सही कर, आणि मार्चची तयारी कर. नाहीतर प्रबंध तुझ्या आकड्यांनी लिही. मी सादर होऊ देईन, पण बेटावर तू येणार नाहीस, आणि बाहेरच्या परीक्षकांना मी सांगेन की ही मोजणी मला मान्य नाही. नापास झालीस तर माझ्याकडं यायचं नाही."

माझ्या वर्गात प्रमोद म्हणून बल्लारपूरचा एक जण होता, कागद कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, रोज रेल्वेनं यायचा. दुसरी जागा त्याची होती. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सही ठोकून टाक नं वो. शिंपला मेला का जिता, त्याच्या बायकोलेबी फरक नाई पडून राह्यला. समुद्र पाहाले भेटून राह्यला, अजून काय पाहिजे तुले?"

"मेलेल्याले जिता म्हणून?"

"आपल्या इथी मेलेले लोक मतदान करून जातात वो, तू शिंपल्यावर अडून बसली!"

मी हसले. सही केली नाही. घरी कळवलं तेव्हा गावच्या जीपवाल्याबरोबर बाबांचा निरोप आला, आधी पास होऊन येजो, मंग भांडजो. त्याच जीपवाल्याबरोबर आईचा वेगळा निरोप आला. ती बाबांना म्हणाली होती, भांडू द्या तिले. मार्चमध्ये सर आणि प्रमोद दुसऱ्या एका मुलीला घेऊन बेटावर गेले. मी खोलीवर बसून प्रबंध लिहिला. तक्त्यात दोन रकाने केले, जिवंत आणि मिटलेले मृत. खाली पद्धत लिहिली, की मिटलेला प्रत्येक शिंपला सुईनं उघडून पाहिला. लोक अजून विचारतात, समुद्र हुकल्याचं दुःख झालं नाही का? झालं. खूप झालं. दुःख झालं म्हणजे निर्णय चुकला असं थोडंच असतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक हडकुळे, वयस्कर गृहस्थ होते. शब्द खर्चायचा तर जिवावर यावं असं बोलायचे. सरांनी आपलं म्हणणं माझ्यासमोरच सांगितलं, तेवढा सरळपणा त्यांच्यात होता. परीक्षकांनी तक्ता पाहिला, दोन रकान्यांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "गाळाची तिसरी बरणी?"

ती बंदच होती. साठ्यात ठेवलेली, कोणी हात न लावलेली. त्यांनी ती मागवली. मी त्यांच्यासमोर माती धुतली, चाळली, आणि ते बोट दाखवतील तसे दहा मिटलेले शिंपले बशीत काढले. दहाही मिटलेले, दहांच्याही फटीत गुलाबी झाक.

त्यांनी सरांना विचारलं, "जिवंत किती?"

"आमच्या नियमानं दहाही," सर म्हणाले.

"तुमच्या मते मेलेले किती?" हे मला.

"आठ, सर."

त्यांनी सुई घेतली, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला आणि एकेक उघडत गेले. बोलत होते ते एवढंच, "गाळ. गाळ. मांस. गाळ." खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाहेर कोणीतरी सायकलचं स्टँड लावत होतं. मी मनात मोजत होते. दहावा उघडला तेव्हा गाळाचे सात झाले होते, मांसाचे तीन. आठ नव्हे, सात.

सर लगेच पुढं झुकले. "बघा. हिचाही अंदाज चुकला."

"चुकला, सर," मी म्हटलं. मी रागानं बोलत होते, भीतीनं नाही. हे मी आजही कोणासमोरही सांगीन. "मी एकानं चुकले. तुम्ही सातांनी चुकलात."

असं परीक्षेत बोलतात का? नाही बोलत. त्या बोलण्यानं सरांच्या हातचे माझे गुण गेले आणि मी दुसऱ्या वर्गात पास झाले, पहिला वर्ग थोडक्यात हुकला. पुढं नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत तो दुसरा वर्ग माझ्याआधी खुर्चीत जाऊन बसायचा. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मला वाटलं होतं, संपलं, आता उठून ब्रह्मपुरीची गाडी धरायची.

परीक्षकांनी सुई कापसानं पुसली. मला रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. बशी माझ्याकडं सरकवून म्हणाले, "दहा थोडे होतात. अजून दहा काढा." मी काढले. त्यांनी ती बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आपली खुर्ची मागं घेतली आणि सुई सरांसमोर धरली.

"आता तुम्ही उघडा. मुलगी लिहून घेईल."

सरांनी सुई घेतली. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्चीत बसले, आणि डोळा लावला. त्यांना ती फट सापडायला वेळ लागला. दोनदा सुई सटकली. तिसऱ्यांदा शिंपला उघडला. त्यांनी मान वर न करता सुईच्या टोकानं आतलं चाचपलं.

"लिही," सर म्हणाले. "गाळ."